बूड टेकायला जागा

दोन ओळखीची माणसं फुटपाथवर अवचित समोरासमोर आली की ती बाजूला होतील, भिंतीच्या कडेला उभी राहतील आणि मग बोलायला लागतील, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. ती आहेत तिथेच उभी राहतात, वाहत्या गर्दीच्या ऐन मधोमध. बाकीचे वळसा घालून जातात, एखादा तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, यांना पत्ताच नसतो. निरोप घेऊन होतो, तेवढ्यात काहीतरी आठवतं, की दोन पावलं मागे येऊन पुन्हा नव्याने सुरुवात. विल्यम व्हाइट या माणसाने १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि चौकांत कॅमेरे लावून हे टिपलं. त्याचाही आधीचा अंदाज माणसं बाजूला सरकत असतील असाच होता. फिल्म बघितल्यावर कळलं की गर्दीतून बाहेर पडायची कोणाला घाईच नाही.

व्हाइट ना वास्तुरचनाकार होता ना नगररचनाकार. मूळचा पत्रकार. म्हणूनच बहुधा तो नकाशे सोडून माणसं बघत बसला. त्याच्या निरीक्षणांतलं माझं सगळ्यात लाडकं निरीक्षण खुर्चीचं आहे. चौकात सुट्या खुर्च्या ठेवल्या, की माणूस खुर्चीपाशी येतो, ती चार बोटं सरकवतो आणि मग बसतो. उन्हातून सावलीत न्यायची असते असंही नाही, कोणाच्या जवळ किंवा कोणापासून लांब व्हायचं असतं असंही नाही. सरकवलेली खुर्ची बऱ्याचदा जवळजवळ होती तिथेच असते. हे वाचल्यापासून मी जिथे जाईन तिथे बघते, आणि लोक खरोखरच सरकवतात. मीही सरकवते. जागा आता माझी झाली, एवढंच त्या चार बोटांत असतं. जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्चीवर हे करता येत नाही. तिथे कोणी, किती अंतरावर आणि कोणाकडे तोंड करून बसायचं ते आधीच कोणीतरी ठरवून गेलेलं असतं.

न्यूयॉर्कमध्ये १९५८ साली सीग्राम बिल्डिंग उभी राहिली. मीस व्हान डेर रोहेची रचना. काच आणि ब्राँझचा उंच ठोकळा, आणि त्याच्यापुढे थेट रस्त्यापर्यंत मोकळी सोडलेली दगडी फरशी. त्या फरशीच्या बाजूंना कडेकडेने बसता येईल अशा उंचीचे कठडे होते. लोक येऊन त्यांवर बसायला लागले. ते पाहून खुद्द मीस चकित झाला, अशी आठवण त्याचा सहकारी फिलिप जॉन्सन सांगत असे. इतका मोठा वास्तुरचनाकार, आणि आपण बांधलेल्या कठड्यावर माणूस बसेल हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं!

शहराला ती मोकळी फरशी मात्र भलतीच आवडली. १९६१च्या बांधकाम नियमावलीत सवलत आली की बिल्डरने इमारतीपुढे चौक सोडला, तर बदल्यात त्याला वर जादा बांधकाम करता येईल. मग काय, चौकच चौक झाले. कागदावर सगळे सार्वजनिक, आणि त्यातले कितीतरी ओसाड. कुठे कठड्यावर लोखंडी काटे, कुठे कडा इतकी अरुंद की मांजरही बसणार नाही, कुठे नुसतं गुळगुळीत दगडाचं मैदान. मजले चढले, बदल्यात मिळालेल्या जागेत कोणी फिरकेना. हे असं का, याचाच व्हाइट आणि त्याची माणसं शोध घेत होती. ऊन तपासलं, आकार तपासला, सौंदर्य तपासलं, आणि हाती लागलं ते हे : जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. त्यातून १९७५ साली नियमात दुरुस्ती झाली. चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे १ फूट लांबीची बैठक हवी. बैठकीची उंची एक फुटापासून तीन फुटांपर्यंत काहीही असली तरी माणसं निभावून नेतात. रुंदी अडीच फूट असली, तर दोन अनोळखी माणसं एकमेकांकडे पाठ करून सुखाने बसू शकतात. अब्जावधींच्या इमारतींच्या पायथ्याशी शेवटी माणसाच्या बुडाचं माप घ्यावं लागलं, याचं मला अजून हसू येतं.

व्हाइटने आणखी एक गोष्ट नोंदवली होती, आणि ती वाचताना मी मनात म्हटलं, हे तर कोणत्याही बाईने फुकट सांगितलं असतं. जिथे बायकांचं प्रमाण जास्त, तो चौक चांगला चाललाय असं समजावं. बायका जागा निवडताना जास्त चोखंदळ असतात. असणारच. एकटा पुरुष कठड्यावर बसला तर तो बसलेला असतो. एकटी बाई बसली तर ती कोणाची तरी वाट बघत असते, नाहीतर तिचं काहीतरी बिनसलेलं असतं, नाहीतर तिच्याशी बोलायला हरकत नाही असं कोणालातरी वाटतं. म्हणून मी आधी पाठीमागे भिंत आहे का बघते, मग उजेड, मग आसपास आणखी एखादी बाई बसलीय का ते. आणि बसले की पर्समधून फोन काढते. फोन आलेला नसतो. तरी काढते. हातात पुस्तक, कडेवर मूल, पट्ट्याला कुत्रा यांतलं काही असलं तर प्रश्न मिटतो. तुम्ही इथे का थांबलात याचं उत्तर तयार असतं.

सार्वजनिक जागेकडे मी आता त्या फोनच्या नजरेने बघते. ही जागा मला बिनकामाचं थांबायला निमित्त देते का? की ते मलाच घरून घेऊन यावं लागतं? मनात आणलं तर माणूस कुठेही थांबू शकतो, हे खरं. पण कारणावाचून थांबलेल्या माणसाकडे शहर संशयाने बघतं, आणि माणसाला स्वतःलाही अवघडल्यासारखं होतं. चांगली जागा हे अवघडलेपण परस्पर काढून घेते. पायऱ्या आहेत, म्हणून बसलो. कारंजं आहे, म्हणून बघतोय. झाडाला पार आहे, म्हणून टेकलो. कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर जागेकडे बोट दाखवता येतं.

हे निमित्त किती बारीक गोष्टीतून तयार होतं ते पावसात दिसतं. अचानक सर आली की रस्त्यावरची माणसं मिळेल त्या आडोशाला पळतात. एका जुन्या इमारतीच्या छज्जाखाली मी अशीच एकदा अडकले. छज्जा चांगला पाच-सहा फूट बाहेर आलेला, खाली दोन पायऱ्या. दहा-बारा जण असू. सुरुवातीला सगळे पावसाकडे बघत होते, एकमेकांकडे नाही. मग रस्त्यात एकाची छत्री उलटली आणि तो तिच्याशी झटापट करायला लागला, तशी दोघं-तिघं एकदम हसली. हसताना एकमेकांकडे बघितलं गेलं. त्यानंतर पाऊस किती वेळ टिकेल यावर मतं पडली, एका आजोबांनी आभाळाकडे बघून अर्ध्या तासाची मुदत दिली, एका मुलीने फोनवरचा अंदाज वाचून ती खोडून काढली. कोणीतरी सरकून एका बाईच्या पिशव्या कोरड्या जागी घेतल्या. समोरच्या नव्या इमारतीचा छज्जा जेमतेम दीड फुटाचा होता. तिथेही माणसं होती, पण भिंतीला पाठ चिकटवून एका रांगेत, पागोळ्या नाकासमोरून पडतायत, प्रत्येकाचं लक्ष आपल्या बुटांकडे. तोच पाऊस, तीच वेळ, आणि स्वभावाने तिथली माणसं काही वेगळी नसणार. चार फुटांचा फरक होता.

उलटलेल्या छत्रीने केलं ते काम चौकातला गारुडी करतो, चौथऱ्यावरचा पुतळा करतो, रस्त्यात खणलेला खड्डाही करतो. दोन अनोळखी माणसांना थेट एकमेकांशी बोलायला धीर होत नाही. तिसरं काहीतरी मध्ये लागतं. त्याच्याबद्दल बोलता बोलता ती एकमेकांशी बोललेली असतात.

यावर एक ठरलेला आक्षेप असतो की आपल्या लोकांना याची सवय नाही. गंमत म्हणजे हे सगळ्याच देशांतले लोक आपल्या लोकांबद्दल म्हणतात. कोपनहेगनने १९६२ साली आपला मुख्य बाजाररस्ता, स्ट्रॉयेट, गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथेही हेच झालं. आपण डेन्मार्कचे, इटलीचे नव्हे. या थंडीत रस्त्यावर कोण रेंगाळणार! लोक रेंगाळले. यान गेल हा तरुण वास्तुरचनाकार पुढे अनेक वर्षं तिथे वही घेऊन कोण कुठे थांबतं ते मोजत राहिला. त्याच्या लक्षात आलं की बाहेरची कामं आपण कशाही रस्त्यावरून उरकतो, कारण ती टाळता येत नाहीत. थांबणं, बसणं, उगाच एक फेरी मारणं या ऐच्छिक गोष्टी मात्र रस्ता बरा असेल तरच होतात. आणि गप्पा, ओळखी, पोरांचे खेळ या ऐच्छिक गोष्टींच्या आश्रयाने वाढतात. रस्ता वाईट असला तरी माणसं त्यावर दिसतातच, आणि ती बघून सगळं ठीक चाललंय असं वाटतं. ती नाइलाजाने चाललेली आहेत हे गर्दी मोजून कळत नाही. किती जण थांबलेत ते मोजावं लागतं.

थांबणारी माणसं कडेला थांबतात, हेही गेलने दाखवलं. चौक मधून भरत नाही, काठांवरून भरत येतो. पाठीला काहीतरी हवं आणि पुढे मोकळं हवं, ही आपली फार जुनी खोड. इटलीत सिएनाचा पियात्सा देल काम्पो हा चौक शिंपल्यासारखा, नगरभवनाकडे उतरत जाणारा. १३४९ साली त्यावर विटांची फरसबंदी झाली. त्याच्या कडेने कमरेइतके दगडी खुंट आहेत. माणसं त्या खुंटांना टेकून उभी असतात, जणू प्रत्येकाला एकेक वाटून दिलाय. भर चौकात एकटं उभं राहायला जो धीर लागतो तो खुंटाशेजारी लागत नाही. माप हाही त्यातलाच भाग. शंभर मीटरपलीकडचा माणूस आपल्याला नुसता ठिपका वाटतो. पंचवीस मीटरच्या आत आला की चेहऱ्यावरचं कळायला लागतं. जुन्या शहरांचे चौक या अंतरांच्या आतबाहेर असतात. नव्या राजधान्यांचे चौक बहुधा लष्करी संचलनासाठी आखलेले असतात आणि एरवी त्यांच्यावरून वारा फिरतो.

नव्या राजधानीवरून ब्राझिलिया आठवलं. लुसिओ कोस्ताचा आराखडा, ऑस्कर निमायरच्या इमारती, उद्घाटन १९६०. गजबजलेला रस्ता ही जुनाट गोष्ट म्हणून आराखड्यातून काढूनच टाकलेली. दुकानांची तोंडं वसाहतीच्या हिरवळीकडे असावीत आणि रस्त्याकडे त्यांची पाठ, माल उतरवण्यापुरती, अशी योजना होती. लोक राहायला आले आणि त्यांनी पाठीच्या बाजूनेच खरेदी सुरू केली. दुकानदारांनी पाट्या तिकडे लावल्या. बघता बघता मागचं दार पुढचं झालं. आराखड्याने रस्ता पुसला होता, तो लोकांनी मागच्या अंगाने परत आणला. ही हकिगत मला फार धीर देते. पण ती नेहमी घडत नाही. दार उलटं फिरवायला निदान तिथे दार असावं लागतं. कोऱ्या भिंतीचं कोणी काय करणार?

घराच्या दारापाशी यायचं तर अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या आवारात दुसऱ्या महायुद्धानंतर लग्न झालेल्या विद्यार्थ्यांसाठी दुमजली घरं बांधली होती. एका मजल्यावर पाच बिऱ्हाडं. जसजसं घर रिकामं होई तसतसं ते पुढच्या जोडप्याला मिळे, शेजारी निवडायची सोय नव्हती. लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी या लोकांना विचारलं की तुमची ऊठबस कोणाकडे असते. १९५० साली त्यांनी जे छापलं ते वाचून आपल्या मैत्रीच्या कल्पना जरा सैल होतात. अगदी लागून असलेल्या शेजाऱ्याला मित्र म्हणण्याचं प्रमाण ४१ टक्के, मजल्याच्या दुसऱ्या टोकाच्या बिऱ्हाडाला १० टक्के. अंतर म्हणाल तर शंभर फूटही नाही. खालच्या मजल्यावर ज्यांचं दार जिन्याच्या पायथ्याशी, त्यांचे वरच्या मजल्यावर जास्त मित्र, कारण येता-जाता वरच्यांना तेच दिसत. आयुष्यभराची मैत्री स्वभाव जुळल्याने झाली असं आपण म्हणत राहतो. जुळलेही असतील. पण जुळतात का ते बघायची संधी जिन्याने दिली.

मी राहते त्या इमारतीत जिना आहे, पण तो जड लोखंडी दाराच्या मागे आहे आणि तिथे रंगाचे डबे ठेवलेले असतात. सगळे लिफ्टने जातात. लिफ्टमध्ये आम्ही एकमेकांच्या इतके जवळ उभे असतो की कोणी कोणतं तेल लावलंय ते कळतं, आणि तरी सगळ्यांचे डोळे वरच्या आकड्यांवर. हे तुसडेपणामुळे होत नाही. लिफ्टमध्ये बोलायला सुरुवात केली की वाक्य पुरं व्हायच्या आत कोणाचातरी मजला येतो, आणि मधूनच निघून जायची वाटही नाही. बोलणं हवं तेव्हा सोडता येईल अशी खात्री असल्याशिवाय माणूस ते सुरू करत नाही. ओसरी, गॅलरी, जिन्याचा रुंद कट्टा यांत ती खात्री असते. दोन पावलं मागे सरलं की आपण घरात.

आणि दाराबाहेरून गाड्या वाहत असतील तर? डॉनल्ड ॲपलयार्ड या नगररचनेच्या अभ्यासकाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत तीन रस्ते निवडले. घरं साधारण सारखी, वाहतूक वेगळी : एकावरून दिवसाला दोन हजार गाड्या, दुसऱ्यावरून आठ हजार, तिसऱ्यावरून सोळा हजार. कमी रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते. जास्त रहदारीच्या रस्त्यावर ०.९. म्हणजे धड एकही नाही. नकाशावर ‘तुमचं घर कुठपर्यंत आहे’ याची रेघ काढायला सांगितली, तर पहिल्या रस्त्यावरच्यांनी सगळा रस्ता आपला म्हणून घेरला. तिसऱ्या रस्त्यावरच्यांची रेघ आपल्या इमारतीच्या, कधी नुसत्या आपल्या बिऱ्हाडाच्या भिंतींपाशी संपली. रस्ते रुंद करताना प्रवासाची किती मिनिटं वाचतील याचा हिशेब मांडतात. दोन मित्र कमी होतील हा आकडा कोणत्याही तक्त्यात नसतो. ॲपलयार्ड १९८२ साली अथेन्समध्ये एका भरधाव गाडीखाली गेला.

इथवरचं सगळं कोणी ‘छान छान’ म्हणून सोडून देईल. गप्पा, ओळखी, खुर्च्या. शहरापुढे याहून मोठे प्रश्न नाहीत का? त्यांच्यासाठी मी शिकागोचा जुलै १९९५ पुढे करते. त्या आठवड्यात पारा ४१ अंशांपर्यंत गेला आणि शहरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त मेली. बरीचशी म्हातारी, एकटी, बंद घरात. एरिक क्लिनेनबर्ग हा समाजशास्त्रज्ञ, स्वतः शिकागोत वाढलेला, मृत्यूंचा नकाशा बघत होता. त्याला दोन लागून असलेल्या वस्त्या दिसल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हींत गरीब, एकट्या राहणाऱ्या वृद्धांचं प्रमाण जवळपास सारखं. ऊन तर सारखंच. नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० जण गेले, साउथ लॉनडेलमध्ये ४.

दहापट. मधे एक हद्द.

नॉर्थ लॉनडेलमधले कारखाने आणि मोठ्या कंपन्या दशकानुदशकं निघून जात राहिल्या, पाठोपाठ दुकानं, पाठोपाठ माणसं. रस्त्याला मोडक्या दातांसारखी रिकामी प्लॉटं आणि सोडलेली घरं. चालत जावं असं जवळपास काही उरलं नव्हतं, आणि निर्मनुष्य फुटपाथवर भीती होती. म्हातारी माणसं वर्षानुवर्षं दार लावून घरात राहायला शिकली होती. उष्म्याच्या लाटेतही त्यांनी तेच केलं. पलीकडच्या वस्तीत रस्ता दुकानांनी भरलेला, फुटपाथवर दिवसभर वर्दळ. तिथली आजीबाई रोज चार पावलं बाहेर पडायची, कारण बाहेर पडण्याजोगं काहीतरी होतं. घरात तापलं तर ती एखाद्या गार दुकानात जाऊन उभी राहिली, आणि नाही दिसली तर दुकानदाराच्या लक्षात आलं.

हा रीतीभातींचा फरक असेल, एका वस्तीत कृष्णवर्णीय जास्त आणि दुसरीत लॅटिनो, असं म्हणायचा मोह लगेच होतो. क्लिनेनबर्गने त्याचंही उत्तर शोधलं. ऑबर्न ग्रेशम नावाची वस्ती बहुतांशी कृष्णवर्णीयांचीच. तिथलं प्रमाण लाखामागे ३. तिथले फुटपाथ, दुकानं, संस्था आणि माणसं जागच्या जागी राहिली होती.

हे वाचल्यापासून ‘कोपऱ्यावरचं दुकान आणि त्यापुढची पायरी’ हा विषय मी स्मरणरंजनाच्या कप्प्यातून काढून टाकलाय. दार ठोठावून ‘आजी, बऱ्या आहात ना’ विचारणारा कोणीतरी सरकारी हुकमाने तयार होत नाही. तो आधी रोज दिसावा लागतो, आणि दिसण्यासाठी त्याला आणि आजींना बाहेर यायला निमित्त लागतं.

इतकं बोलल्यावर वास्तुरचनेच्या डोक्यावर नको तेवढा मुकुट ठेवला जातो, म्हणून अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या प्रुइट-आयगो या सरकारी वसाहतीबद्दल बोललं पाहिजे. अकरा मजली तेहतीस इमारती, मिनोरू यामासाकीची रचना. लोक १९५४ पासून राहायला आले आणि १९७२ साली त्या पाडायला सुरुवात झाली. लिफ्ट पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावरच थांबे. तिथल्या लांब गॅलऱ्यांत शेजारी भेटतील, पोरं खेळतील अशी कल्पना. प्रत्यक्षात त्या गॅलऱ्या आणि जिने भीतीच्या जागा झाल्या. इमारती स्फोटाने पडताना लाखोंनी पाहिल्या आणि दोष आराखड्याला चिकटला. पण देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून काढायचा असं ठरलेलं होतं, आणि भाडेकरू गरीब होते. शहरच रिकामं होत होतं : १९५० मध्ये साडेआठ लाखांवर असलेली वस्ती १९७० मध्ये सव्वासहा लाखांच्या आसपास आली. घरं रिकामी, भाडं कमी, म्हणून दुरुस्ती नाही, म्हणून आणखी घरं रिकामी. लिफ्ट बंद पडली तर गॅलरीची रुंदी काय चाटायची? माझा समज असा की वाईट रचना एकटीने वस्ती मारत नाही आणि चांगली रचना एकटीने ती वाचवत नाही. झाडूवाला, दिवाबत्ती आणि चालू अवस्थेतलं स्वच्छतागृह हेही बांधकामच आहे. बाईला तर बाहेर किती वेळ थांबता येईल याचा हिशेब बऱ्याचदा त्या शेवटच्या गोष्टीवरच होतो.

जागा असते, चांगली असते, तरी ती कोणाची होते हा प्रश्न उरतोच. व्हिएन्नात १९९०च्या दशकात एक पाहणी झाली. वयाच्या साधारण दहाव्या वर्षापर्यंत बागांमध्ये मुलगे-मुली सारख्याच दिसत. त्यानंतर मुली गायब. कोणी त्यांना मनाई केली नव्हती. बागेत चेंडू खेळायला एकच जाळीबंद मैदान, त्याला एक अरुंद दार, आणि दारात मुलग्यांचं टोळकं. महापालिकेने दोन बागा नव्याने मांडल्या. मैदानाचे भाग पाडले, दारं रुंद केली आणि वाढवली, वेगळ्या खेळांची आणि नुसतं टोळक्याने बसायची सोय केली. मुली परत आल्या. मुलगे गेले नाहीत. मला यातलं दाराचं फार पटतं. कोणत्याही जागेत शिरताना मी नकळत बघते की बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे.

आणि माणसं येऊ नयेत म्हणूनही रचना करतात, तितक्याच कौशल्याने. लंडनच्या कॅम्डन भागासाठी २०१२ साली काँक्रीटचं एक बाकडं तयार झालं. सगळ्या बाजूंनी उतरतं, त्यामुळे झोपता येत नाही. खाचखळगे नाहीत, त्यामुळे काही लपवता येत नाही. स्केटबोर्डही चालत नाही. सगळं काही करता येणार नाही, याची काळजी घेतल्यावर जे उरतं ते बाकडं. बसता येतं, थोडा वेळ.

बाकाच्या मधे लावलेल्या लोखंडी हातांबद्दलही असंच चिडून बोलायची पद्धत आहे, कारण कोणी आडवं होऊ नये म्हणूनच ते बहुधा लावलेले असतात. मीही चिडते. पण माझ्या आईचे गुडघे गेलेत. बाकाला हात नसला तर तिला बसता येतं, उठता येत नाही. ती बाग निवडते ती बाकाचे हात बघून, आणि नेहमी टोकाला बसते, कारण टोकाच्या हातावर जोर नीट देता येतो. मधला हात तिच्या काहीच उपयोगाचा नाही. दोन्ही टोकांना हात ठेवून मधला काढला तर तिचंही भागेल आणि थकलेल्या एखाद्याचंही, असं मी तिला म्हटलं, आणि विचारलं, की कोणी तिथे झोपलेला असला तर तू बसशील का त्याच्या पायाशी?

“त्याने पाय आखडले तर बसेन की,” आई म्हणाली. “नाही आखडले तर सांगेन.”